मोजे काढायला कुणी सांगितलंच नाही

बाबांच्या डायबेटिसला 17 वर्षं झाली. इतक्या वर्षांत रक्त तपासलं, डोळे तपासले, किडनीचे रिपोर्ट काढले, फाइल वीतभर जाड झाली. पण "मोजे काढा, पाय बघू" असं एकदाही कुणी म्हटलं नाही. आमच्याही कधी मनात आलं नाही.

मग एका संध्याकाळी त्यांच्या मोज्यावर चिकट, तपकिरी डाग दिसला. बूट उलटा करून झटकला तर नखाएवढा खडा बाहेर पडला. बाबा दिवसभर त्या खड्यावर चालले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

पोडिएट्रिस्ट, म्हणजे पायांच्या दुखण्यांचे तज्ज्ञ, हा शब्द मी त्यानंतर पहिल्यांदा ऐकला. मॅडमनी बाबांना डोळे मिटायला लावले. नायलॉनचा एक ताठ धागा असतो, मोनोफिलामेंट म्हणतात, 10 ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. "जाणवलं की हो म्हणा." अंगठ्याखाली धागा टेकला, वाकला. चवड्याखाली दोन ठिकाणी टेकला, वाकला. बाबा गप्प. मग म्हणाले, "करा ना सुरू." मला तिथेच रडू आलं.

मॅडमनी ब्लेडनं चवड्यावरचा घट्टा हलक्या हातानं तासला, तर खाली जुनी जखम निघाली. संवेदना गेली की दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत राहतो. तिथे घट्टा होतो आणि त्या दाबानं आतली कातडी फाटते. आम्ही नुसती मलमपट्टी करत बसलो असतो. पण त्या जागेवरचा भार काढल्याशिवाय अशी जखम भरत नाही, हे घरात कुणाला ठाऊक होतं? घोट्याचं ब्लड प्रेशर दंडाच्या प्रेशरशी ताडून पायापर्यंत रक्त नीट पोचतंय का तेही त्यांनी बघितलं, मग भार काढणारं प्लास्टर घातलं.

डायबेटिसमध्ये पाय कापावा लागतो, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एका जखमेनं झालेली असते. म्हणून पायांची तपासणी म्हणजे नखं कापून घेण्याची चैन नव्हे. डायबेटिसच्या प्रत्येक दवाखान्यात ती व्हायलाच हवी, असं मी ठामपणे म्हणेन. रुतलेलं नख, टाचदुखी, म्हातारपणी जाणारा तोल, यातही पोडिएट्रिस्ट कामाचे आहेत, पण माझा जीव तुटतो तो या बधिर पायांसाठी. आणि कृपा करून त्या पायांच्या कुरुपावर कॉर्न कॅप लावू नका. त्यातलं ॲसिड चांगली कातडीही जाळतं आणि जळलेलं कळत नाही.

घरात कुणाला डायबेटिस असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या त्यांचे बूट-मोजे तुम्हीच काढा.

बाबांची जखम भरायला 11 आठवडे लागले. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात 40 च्या आसपास आहे, म्हणून पोडिएट्रिस्टकडे जाणं चालूच आहे. बूट घालण्याआधी बाबा आता आत हात फिरवून बघतात. रात्री मी आरसा धरते आणि ते आपले तळवे निरखतात.