सरांचा गोळा भंगारात घालू नका

आमच्या विज्ञानाच्या सरांनी १९९१ साली आमच्या कोल्हापूरच्या शाळेत तारांगण बनवलं होतं. मांजरपाटाचा शिवलेला घुमट, आत पत्र्याचा गोळा आणि त्याला ताऱ्यांची भोकं. ठळक ताऱ्याला मोठं, मंद ताऱ्याला बारीक. मधोमध एक दिवा. सोबत स्लाईडचा ट्रे आणि सरांच्याच आवाजातली कॅसेट. सर आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात हे सगळं शाळेच्या माळ्यावर सापडलं आणि आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी ते पुन्हा उभं करतोय.

गटात काहींचं म्हणणं, तयार डिजिटल शो आणू, आजच्या पोरांना हे जुनं चालणार नाही. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

स्लाईड बदलायच्या, यात वाद नाही. आपल्याकडच्या पावसानं त्यांना बुरशी धरलीय, शनी पार गुलाबी पडलाय. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरलं, त्याचे फोटो असताना ह्या कशाला? दिवाही बदलला. आतली तार लांब असली की तारा टिपका न राहता फराटा होतो.

पण गोळ्याचा कल बघा. कोल्हापूरचे अक्षांश साधारण १६.७, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, म्हणजे पावणेदोन मुठी. सरांनी गोळ्याचा अक्ष बरोबर तेवढाच कलता ठेवलाय. आम्ही बघितलेल्या तयार शोमध्ये ध्रुव अर्ध्या आभाळाच्याही वर होता. तो युरोपातल्या पोरांचा ध्रुव! आमच्या पोरानं घरी जाऊन गच्चीवर शोधला तर त्याला सापडणार कसा?

दुसरा वाद सूर्यास्ताचा. कॅसेटवर तो सात मिनिटं चालतो, गटाला चाळीस सेकंदांत उरकायचाय. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, सरांनी निदान सुरुवात तरी नीट करून दिलीय. आणि त्या सात मिनिटांत ते काय सांगतात ऐका. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण देवळात थेट मूर्तीवर पडतात तो सोहळा, नोव्हेंबरातही होतो आणि जानेवारीअखेरीलाही, असं का? सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो त्या २१-२२ डिसेंबरच्या आधी सुमारे एकेचाळीस दिवस आणि नंतर तितकेच दिवस सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून. हे कुठल्या तयार शोमध्ये मिळेल?

परवा पाचवीच्या पोरांना दाखवलं. सातही मिनिटं कुणी हललं नाही. मग अंधारात एकजण म्हणाला, "म्हंजे ह्यो आपल्या गच्चीवरनं बी दिसतोय व्हय?"

राहिला प्लूटो. सर कॅसेटवर "नऊ ग्रह" म्हणतात. ते वाक्य कापू नये. तिथे कॅसेट थांबवावी आणि आपल्यापैकी कुणीतरी उभं राहून सांगावं, की २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान केलं. प्लूटोनं आपली कक्षा इतर पिंडांपासून मोकळी केलेली नाही, म्हणून तो बटुग्रह ठरला. सर बोलले तेव्हा ते बरोबरच होते. विज्ञान आपलं म्हणणं बदलतं कसं, हे पोरांना याहून चांगलं कुठे ऐकायला मिळेल? मग २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानानं काढलेला, पोटावर बदाम असलेला प्लूटोचा फोटो लावायचा.

घुमटाच्या कडेला सरांनी काळ्या कागदाचं कोल्हापूर कापून लावलं होतं, ते वाळवीनं खाल्लं. मंदिराच्या आसपास ज्यांच्या गच्चीवरून चारही बाजू मोकळ्या दिसतात, त्यांनी मेसेज करा. एका संध्याकाळी येऊन क्षितिजाचे फोटो काढायचे आहेत.