‘आधी खोटे, मग खरे’ हा सल्ला लहान व्यवसायाला का परवडत नाही

लहान व्यवसाय करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून आणि मार्गदर्शनपर व्हिडिओंतून एक सल्ला सतत फिरत असतो. ऑनलाइन प्रामाणिकपणा फक्त नाव झालेल्यांना परवडतो, असे त्यात सांगितलेले असते. नव्याने उतरलेल्याने आधी काही डझन पाच ताऱ्यांचे अभिप्राय आणि काही हजार फॉलोअर विकत घ्यावेत, ब्लॉगवर कीवर्डांनी, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांनी, भरलेला लेख रोज टाकावा, इतर संकेतस्थळांवरून पैसे देऊन लिंक मिळवाव्यात. सगळेच असे करतात, पकडले कोणी जात नाही, आणि एकदा जम बसला की मग प्रामाणिक होता येतेच. मी लहान व्यवसायांसाठी मजकूर लिहितो. हा सल्ला मानून अडचणीत सापडलेली कष्टाळू माणसे मी पाहिली आहेत, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

विकत घेतलेल्या अभिप्रायांचा काहीच उपयोग होत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लूका यांनी 2011 मध्ये सिॲटल शहरातील रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. येल्प या ग्राहकांचे अभिप्राय देणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळावरील मानांकन एका ताऱ्याने वाढले की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना दिसले. हा परिणाम मोठ्या साखळ्यांच्या रेस्टॉरंटांवर नव्हे, तर स्वतंत्र मालकांच्या रेस्टॉरंटांवर झालेला होता. म्हणजे लहान माणसाला होणारा मोह निराधार नाही. प्रश्न पुढे काय होते हा आहे, आणि त्याचेही उत्तर उपलब्ध आहे. फेसबुकवरील गटांतून खोटे अभिप्राय मिळवणाऱ्या ॲमेझॉनवरील विक्रेत्यांचा माग काढणारे एक संशोधन 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. खरेदी चालू असेपर्यंत मानांकन आणि विक्री दोन्ही वाढली. ती थांबताच दोन्ही घसरली आणि एका ताऱ्याच्या अभिप्रायांचे प्रमाण वाढले. याचे कारण समजायला कठीण नाही. खोट्या स्तुतीमुळे आलेला ग्राहक त्या स्तुतीच्या मापानेच वस्तू मोजतो, आणि वस्तू मुळात ठीकठाक असली तरी त्याला फसवल्यासारखे वाटते.

याहून मोठे नुकसान मात्र मालकाचे स्वतःचे होते, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मोठ्या कंपनीकडे ग्राहकांचे म्हणणे जाणून घ्यायला स्वतंत्र विभाग असतो. लहान व्यावसायिकाकडे अभिप्रायांखेरीज दुसरा आरसा क्वचितच असतो. माल उशिरा पोहोचतो, फोन उचलला जात नाही, वर्णनातला रंग प्रत्यक्षात वेगळा दिसतो, अशा तक्रारी चाळीस विकतच्या वाक्यांखाली गाडल्या गेल्या की सुधारणेची संधीच हातून जाते. शिवाय निर्भेळ पाच तारे ग्राहकालाही पटत नाहीत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने 2017 मध्ये दाखवून दिले की खरेदीची शक्यता साधारण 4.0 ते 4.7 या मानांकनांच्या दरम्यान सर्वाधिक असते. पाचाकडे जाताना ती कमी होऊ लागते. तेव्हा रागावलेल्या एका ग्राहकाचा अभिप्राय तसाच राहू द्यावा आणि त्याखाली काय चुकले व कसे निस्तरले हे चार ओळींत लिहावे. अभिप्राय मागायचेच असतील, तर ज्या त्या मंचाचे, म्हणजे अभिप्राय जिथे दिसतात त्या संकेतस्थळाचे, नियम आधी वाचावेत: केवळ खूश ग्राहकांनाच निवडून विचारणे गूगलला मान्य नाही, आणि येल्प तर अभिप्राय मागूच नका असे सांगते.

पकडले कोणी जात नाही, हे विधान काही वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे होते; आता ते जुने झाले आहे. युरोपीय संघात 28 मे 2022 पासून खोटे अभिप्राय देणे वा देववणे हे बंदी असलेल्या व्यापारी प्रथांमध्ये मोडते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक जाहीर केले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा खोट्या अभिप्रायांविरुद्धचा नियम 21 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला असून, व्यवसायासाठी जाणूनबुजून खोटे फॉलोअर विकत घेणेही त्यात निषिद्ध आहे. हेही मान्य केले पाहिजे की कोणतीही सरकारी यंत्रणा प्रत्येक लहान व्यवसायापर्यंत पोहोचू शकत नाही. पण त्याच्यापर्यंत मंच पोहोचतो: अभिप्राय गाळले जातात, खाते बंद होते, आणि दाद मागायला समोर माणूस सापडतोच असे नाही.

फॉलोअरांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. इन्स्टाग्रामने डिसेंबर 2014 मध्ये खोटी खाती काढून टाकली तेव्हा अनेकांचे आकडे एका रात्रीत कोसळले. आकडा टिकला तरी ती खाती ना काही वाचतात, ना विकत घेतात. उलट आपले खरे ग्राहक कोण, हा अंदाजच त्यांच्यामुळे बिघडतो, आणि त्या अंदाजावर आखलेल्या जाहिरातीचा पैसा वाया जातो.

कीवर्डांनी भरलेल्या रोजच्या लेखाचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात पैशापेक्षा माणसाचा वेळ जातो. पानाच्या कोडमध्ये लपवून ठेवायच्या कीवर्डांच्या यादीचा शोधाच्या निकालांतील क्रमवारीसाठी उपयोग करत नसल्याचे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच स्पष्ट केले होते, तरी ती यादी अजून विकली जाते. गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत फेब्रुवारी 2011 मध्ये केलेल्या ‘पांडा’ या बदलाने उथळ मजकुराच्या कारखान्यांना खाली ढकलले. अमेरिकेतील सुमारे 12 टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. मार्च 2024 मध्ये गूगलने धोरण आणखी स्पष्ट केले: केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, गैरवापरच समजला जाईल.

ब्लॉग लिहूच नये, असा याचा अर्थ नाही. लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ग्राहक तेच ते प्रश्न विचारत असतात: वाळवी लागलेली खुर्ची वाचेल का, पॉलिश किती वर्षे टिकेल, दुरुस्तीपेक्षा नवे घेणे कधी बरे. यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे स्वतःच्या हातच्या कामाची छायाचित्रे देऊन लिहिलेले उत्तर हा एकेक लेख होतो, आणि असे दहा लेख वर्षभरात झाले तरी पुष्कळ. त्यातही ‘ही खुर्ची दुरुस्त करू नका, पैसे वाया जातील’ असे सांगणारा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण स्वतःच्या तोट्याचे सांगणाऱ्याचे पुढचे बोलणे लोक मानतात. गूगलने डिसेंबर 2022 मध्ये आपल्या गुणवत्ता तपासनिसांच्या, म्हणजे शोधाचे निकाल कितपत चांगले आहेत हे पाहणाऱ्या माणसांच्या, मार्गदर्शिकेत ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष जोडला. तपासनिसांच्या गुणांवरून एखाद्या पानाचा क्रम थेट ठरत नाही, परंतु शोधयंत्राला काय वर आणायचे आहे, हे त्यावरून कळते. हा अनुभव लहान कारागिराकडे मुळातच असतो.

आता लिंक. गूगलची मूळ कल्पनाच अशी होती की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक हे एक मत मानावे. म्हणून विकतची लिंक हे विकतचे मत ठरते. पैसे देऊन लिंक मिळवणे म्हणजे जाहिरात, आणि जाहिरात करण्यात गैर काहीच नाही. तिच्यावर तशी खूण हवी, इतकेच. अशा खुणेसाठी 2005 पासून ‘नोफॉलो’ आणि 2019 पासून ‘स्पॉन्सर्ड’ हे शब्द कोडमध्ये वापरता येतात. जानेवारी 2012 मध्ये क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी ब्लॉगलेखकांना पैसे देऊन लिहवून घेतलेल्या लेखांत एक लिंक अशा खुणेविना आढळली, तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोमचे पान किमान 60 दिवसांसाठी क्रमवारीत खाली ढकलले. त्याआधी फेब्रुवारी 2006 मध्ये शोधयंत्रासाठी रचलेली फसवी पाने वापरल्याबद्दल बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलच्या यादीतून काढले गेले होते. ते काही दिवसांतच परत आले.

या दोन घटनांवरून मूळ सल्ल्याचे पहिलेच विधान उलटे ठरते. लबाडी परवडलीच, तर ती मोठ्यांना परवडते. बीएमडब्ल्यू यादीतून गेली तरी लोक तिला नावाने शोधतात, तिच्याकडे चूक निस्तरायला तज्ज्ञ असतात, आणि दोन महिन्यांच्या घसरणीने क्रोम बंद पडत नाही. लहान व्यावसायिकाला अनोळखी ग्राहक नावाने शोधत नाही. तो त्याच्या कामाने शोधतो, आणि त्या शोधात पान दिसेनासे झाले की नवा ग्राहक येणेच थांबते.

राहिले ‘नंतर प्रामाणिक होऊ’ हे आश्वासन. जम बसतो तो खोट्या आकड्यांवर, आणि ते काढून टाकले की मानांकन खाली येते. म्हणून काढण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. ज्यांनी आधीच ही वाट धरली आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच की खरेदी आजच थांबवावी. विकतचे अभिप्राय ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते मागे घ्यायला सांगावे. विकतच्या लिंक काढायला लावाव्यात किंवा त्यांवर ‘स्पॉन्सर्ड’ची खूण करून घ्यावी, जिथे समोरचा ऐकत नाही, तिथे गूगलने ऑक्टोबर 2012 पासून दिलेल्या ‘डिसअव्हाऊ’ सुविधेने त्या नाकाराव्यात. सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या सुविधेत शिक्षेची सूचना आली असेल, तर काय केले होते आणि काय काढले हे काहीही न लपवता लिहून फेरविचाराचा अर्ज करावा. त्यानंतरचे काही महिने विक्री बहुधा कमीच राहील, आणि तेवढ्या काळाच्या खर्चाची तजवीज आधीच करून ठेवावी.