ढेकर आली म्हणून हृदय ठणठणीत? साफ चूक

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणी हिंडून येळ्ळूरच्या काकूपर्यंत पोचलाय. म्हणे, छातीत कळ आली की लिंबूपाण्यात सोडा घालून प्या. ढेकर आली तर तो गॅसच. ईसीजी नॉर्मल असला की विषय संपला. बायकांना हृदयाचा आजार होत नाही. आणि झटका आलाच तर जोरजोरात खोका. काकूनं ते खरं मानलं, म्हणून लिहितोय.

आधी ढेकरेचं, कारण खरा घात तिथं होतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून चरबीचे थर बसून अरुंद होतात. चढ चढताना, ओझं उचलताना, संताप आला की हृदयाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही आणि छाती आवळून येते. हाच अंजायना. थांबलं की काही मिनिटांत ओसरतो. सोडा प्यायला माणूस खाली बसतोच की! कळ जाते बसल्यामुळं, नाव होतं ढेकरेचं. विल्यम हेबरडन या इंग्रज डॉक्टरनं १७७२ साली छापलेल्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय: चालताना, त्यातही जेवणानंतर लगेच चाललं तर छातीत कळ येते, उभं राहिलं की जाते. आणि आपण अजून जेवणानंतर दुखलं म्हणजे गॅस म्हणतोय.

काकूचंच बघा. गवताचा भारा घेऊन चढ लागला की डावा खांदा आणि जबडा भरून येतो, बांधावर टेकलं की बरं वाटतं. ती दाढेत लवंग धरते. दाढेचं दुखणं असतं तर बसल्यावरही ठणकलं असतं.

जळजळ पुष्कळदा पित्ताची असते, हे कबूल. ती वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढते, घशाशी आंबट येतं. पण ते हृदय तपासून झाल्यावर डॉक्टरनं ठरवायचं.

कळ नसताना काढलेला ईसीजी अंजायना असूनही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तर ट्रेडमिलवर चालवून बघतात. बायकांचं म्हणणं तर निव्वळ खोटं. पाळी गेल्यावर त्यांचाही धोका वाढतो, त्यात साखर, बीपी, मिश्री असेल तर आणखीच. त्यांच्यात कधी कधी छातीपेक्षा धाप, मळमळ, थकवाच जास्त जाणवतो. खोकण्याचा उपाय अमेरिकन हार्ट असोसिएशनलाही मान्य नाही. त्यात वेळ तेवढा जातो.

बसूनही कळ जात नसेल, बसल्याजागी येऊ लागली असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर सोडा शोधू नका. १०८ ला फोन लावा, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.