ज्ञान वाटा, पण कुणाला मिळू देऊ नका

तेलधंद्यात काही नवं केलंत आणि ते समव्यावसायिकांपर्यंत पोचवायची तळमळ लागली असेल, तर आधी गोव्यात हॉटेल ठरवा. तंत्र सावकाश सुचेल. गोव्यात तेलाची एकही विहीर नाही, ही फार मोठी सोय आहे. चला, प्रत्यक्ष दाखवा, असं कुणी म्हणू शकत नाही. शिवाय २०२४ चा इंडिया एनर्जी वीक आमच्या बेतूललाच भरला होता, त्यामुळे गळ्यात पट्टे अडकवून हिंडणाऱ्या पाहुण्यांची आम्हाला सवय आहे.

उद्घाटनाला मंत्री बोलवा. दीपप्रज्वलनाला किती वेळ लागतो ते विचारू नका.

मग सादरीकरण. इथं गेल्या पंधरवड्यात ऐकलेल्या एका व्याख्यानाचा आदर्श ठेवा. विषय मोलाचा होता: भेगाळ चुनखडकात ड्रिलिंग करताना मड, म्हणजे विहिरीतला दाब आवरून धरणारा चिखलासारखा जड द्रव, खडकात गडप होतो, तो लॉस थांबवणारं नवं मिश्रण. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा साठा चुनखडकातलाच, त्यामुळे तिथं रात्रपाळी काढलेली आम्ही मंडळी कान टवकारून बसलो. स्लाइडवर आलेख आला. आडव्या अक्षावर विहीर ए, विहीर बी, विहीर सी. उभ्या अक्षावर 'सुधारणा'. आकडा एकही नाही. एक हिरवा बाण मात्र वर चाललेला.

मी हात वर केला. आधी ताशी किती बॅरल मड गडप होत होता? मिश्रणातले कण केवढे? आणि कुठल्या विहिरीत हे चाललं नाही? वक्ते प्रसन्न हसले. "एक्सलंट क्वेश्चन सर, आपण ऑफलाइन बोलू." ऑफलाइन म्हणजे जेवणाच्या रांगेत. तिथं शागुती वाढून घेता घेता ते म्हणाले, लीगलला विचारावं लागेल. कार्ड दिलं. त्यावरच्या पत्त्याला ईमेल केली, ती अजून समुद्रात आहे. दुसऱ्या दिवशी लिंक्डइनवर आमचा दोघांचा फोटो मात्र झळकला, 'सखोल तांत्रिक देवाणघेवाण' म्हणून. मला टॅग करून. खाली अभिनंदनाची रीघ.

तेव्हा आकडे गाळा, विहिरीची नावं गाळा, खोली गाळा. जे उरेल त्याला केस स्टडी म्हणा.

पेपर जरूर छापा, पण निष्कर्षात 'आणखी अभ्यासाची गरज आहे' एवढंच लिहा. तो डाउनलोड करायला पैसे पडतील याची काळजी इतर लोक घेतात.

आणि फसलेलं काही सांगू नका. हा नियम मोडलात तर धंद्यातून उठाल. फसलेली पिल (लॉस थांबवायला विहिरीत सोडलेला मिश्रणाचा घोट), अडकलेला पाइप, चुकीचा वाचलेला प्रेशर गेज, हे सगळं शेजारच्या रिगला ज्याचं त्याला शिकू द्या. २३ डिसेंबर २००९ ला उत्तर समुद्रात एका रिगवर असंच झालं. विहिरीची चाचणी पास झाली, मड काढून समुद्राचं पाणी भरायला घेतलं, खालचं तेल-वायू अडवणारा अडसर निकामी झाला, विहीर उसळली, मड डेकवर आला. पोरांनी विहीर वेळेवर बंद केली, वाचली. कंत्राटदार कंपनीनं त्यावर प्रेझेंटेशनसुद्धा बनवलं. ते त्याच कंपनीच्या मेक्सिकोच्या आखातातल्या रिगपर्यंत पोचलं नाही. त्याच कंपनीच्या! तिथं चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, मड काढून समुद्राचं पाणी भरलं गेलं, आणि २० एप्रिल २०१० ला त्या रिगवर, डीपवॉटर होरायझनवर, स्फोटात अकरा माणसं गेली. चार महिने हातात होते. पण ती स्लाइड कुठल्या फोल्डरमध्ये पडली होती, कुणाच्या परवानगीची वाट बघत होती, की कुणाला पाठवायचं सुचलंच नाही?

आता मला विनोद सुचत नाही.

समुद्रातल्या रिगवर हेलिकॉप्टरनं जायचं असतं, म्हणून बेतूलच्या सागरी सुरक्षा केंद्रात हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्ट्यानं बांधून आम्हाला पाण्यात उलटं करतात. नाकातोंडात पाणी जातं. तिथला प्रशिक्षक स्वच्छ सांगतो: खिडकीची कड धरून ठेव, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडू नकोस. हे तो ऑफलाइन सांगत नाही. लीगलला विचारत नाही. त्याला ठाऊक असतं की समोरचा उद्या खरोखर हेलिकॉप्टरमध्ये बसणार आहे.

तुम्हालाही ठाऊक असतं. समोर बसलेल्यांपैकी निम्मे पुढच्या पाळीला रिगवर जाणार, हे माहीत असून तुम्ही हिरवा बाण दाखवता? तुमच्या मिश्रणाचं पेटंट राहू दे तुमच्याकडे, ते कुणी मागितलेलंच नाही. ते कुठल्या विहिरीत चाललं नाही, एवढं तर सांगाल? त्यानं कसली गुपितं फुटतात? आणि आम्ही टाळ्या वाजवणारे काही कमी नाही. उत्तर न मिळता माइक पुढं सरकतो तेव्हा हॉलमधला एकजण तरी उठून 'थांबा, त्यांना आकडा द्या' म्हणतो का? सगळे घड्याळाकडे बघतात. बुफे उघडायचा असतो ना.