पांढरं कापड कोण धुणार?

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून भाचीचा फोन आला. एमडी झाली, दोन वर्षं नोकरी केली, आता राजारामपुरीत स्वतःचा दवाखाना टाकतेय. इंटिरियरवाल्याने तिला ‘जपानी थीम’ सुचवलीय: बांबूची भिंत, लाकडी पट्ट्यांचं छत, कोपऱ्यात बुद्धाचं मस्तक आणि प्लॅस्टिकचा चेरीचा बहर. कोटेशन 11 लाखांचं. “मावशी, तू तिथंच राहतेस. खरंच असं असतं का गं?” मागून दाजींचा आवाज आला, “एवढा भपका बघून आपला पेशंट पायरी तरी चढंल का, ते विचार तिला.”

दाजींची शंका आमच्या घरापुरती नाही. गावाकडे गेलं की हा वाद कुठेही ऐकू येतो. एका बाजूला रुग्णालयांच्या संगमरवरी लॉब्या, जिथे आत शिरतानाच बिलाची धास्ती बसते. दुसऱ्या बाजूला 2022 पासून मुंबईत पोर्टा केबिनमध्ये उभे राहिलेले ‘आपला दवाखाना’, जिथे तपासणी मोफत आहे. त्यामुळे लोकांच्या डोक्यात हिशेब पक्का बसलाय: देखणं म्हणजे महाग, आणि स्वस्त हवं तर गैरसोय सोसायची. टोकियोच्या निशी-कासाईत 14 वर्षं राहिल्यावर मला हा हिशेबच मान्य नाही.

इथे आले त्याच वर्षी मुलाला ताप भरला. भाषा येत नव्हती. घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात त्याला कडेवर घेऊन गेले. दारात ‘गेनकान’, म्हणजे चपला काढायची जागा. बाजूला निळा दिवा लावलेलं काचेचं कपाट, त्यात निर्जंतुक केलेल्या स्लिपर. आत फिक्या लाकडाची बाकं, पिवळसर उजेड, खिडकीबाहेर हातभर रुंद जागेत एक बांबू आणि तीन दगड. भिंतीवर औषध कंपनीचं एकही पोस्टर नव्हतं. मी फॉर्म हातात धरून नुसती उभी होते. काउंटरवरची बाई बाहेर आली, माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून खुणांनी विचारत गेली. ताप कधीपासून? उलटी? कसली ॲलर्जी? निघताना ती म्हणाली, “ओदाइजिनि.” जपून राहा, असा त्याचा अर्थ, तो मला नंतर कळला. तिचा स्वर मात्र तेव्हाच कळला होता.

त्या खोलीत महाग म्हणावं असं काहीही नव्हतं.

यामागचं अर्थकारण भाचीला आधी सांगितलं. जपानमध्ये 1961 पासून प्रत्येकाला आरोग्य विमा आहे. तपासणीचे दर देशभर एकच असतात, ते सरकार ठरवतं आणि साधारण दर 2 वर्षांनी सुधारतं. बहुतेक मोठ्या माणसांना त्यातले 30 टक्के भरावे लागतात. म्हणजे डॉक्टरने हिनोकी या महागड्या जपानी लाकडाचं बाक बसवलं काय किंवा लोखंडी बसवलं काय, विम्यातल्या तपासणीचा दर तोच. कुठल्या दवाखान्यात जायचं हे मात्र रुग्ण ठरवतो. मग खोली चांगली करण्यामागे उद्देश एकच उरतो, आलेल्या माणसाने पुन्हा यावं. आपल्याकडे खोलीचा खर्च फीमधून वसूल होतो, हे दाजींना अनुभवाने ठाऊक आहे आणि त्यांची भीती खरी आहे. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी नर्सिंग होमना दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. भाचीचा नुसता बाह्यरुग्ण दवाखाना आहे, तरी तिने दारातच, चपला काढतानाच दिसेल असा दरफलक लावावा. दाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्या फलकानेच मिळेल.

जपानी म्हणून काही उचलायचंच असेल तर माझ्या मनात एक रुग्णालय आहे. यामागुची प्रांतातल्या हिकारी गावी उमेदा नावाचं प्रसूती आणि बालरुग्णालय आहे. 1998 साली केन्या हारा या डिझायनरने तिथल्या दिशादर्शक पाट्या पांढऱ्या सुती कापडाच्या केल्या. खोलीचे क्रमांक, बाण, सगळं कापडावर छापलेलं. उशीच्या अभ्र्यासारखी ती कापडं काढून धुता येतात. पांढरं कापड मळणार हे उघडच आहे, आणि तेच त्यांना हवं होतं. सगळ्यात लवकर मळणारी वस्तू जिथे रोज स्वच्छ दिसते, तिथे बाकीचंही स्वच्छ असणार, हे बाळंतीण होऊ घातलेल्या बाईला न सांगता कळतं.

हे वाचलं तेव्हा मला आपला एक शब्द आठवला: मळखाऊ. लहानपणापासून पाहिलेला प्रत्येक दवाखाना मळखाऊ होता. भिंतीला कमरेपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट, बाकाला काळपट रेक्झिन, पडदा गडद हिरवा. मळ दिसू नये म्हणून केलेली ही निवड आहे, आणि मळ दिसला नाही की धुणंही राहून जातं. बांबूच्या पट्ट्यांची भिंतही त्यातलीच. कोल्हापुरातली उन्हाळ्याची धूळ त्या फटींत बसली की ती कुणी काढणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन सुट्टीत एका दवाखान्यात गेले होते. काउंटरला काच, काचेला अर्धगोल भोक. आई वाकून त्या भोकात हळूच बोलत होती. आतून प्रश्न आला, “काय होतंय? मोठ्यानं बोला!” सत्तरीच्या बाईने आपलं गर्भाशयाचं दुखणं तीस अनोळखी माणसांसमोर मोठ्याने सांगितलं. परत येताना ती रिक्षात एक शब्द बोलली नाही.

ती काच कुठून आली हे मला माहीत आहे. डॉक्टरांवर हल्ले होतात, त्यासाठी राज्याने 2010 मध्ये कायदा केला, तरी भीती गेलेली नाही. माझी भाचीही या भीतीतच कामाला लागतेय आणि मी तिची काळजी करते. पण आपला नंबर कधी लागणार, उशीर का होतोय, हे कुणी सांगत नसलं की माणूस तापत जातो, आणि काचेमुळे ते सांगणं आणखी अवघड होतं. इथे 2005 मध्ये वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर बऱ्याच रुग्णालयांनी नावाऐवजी क्रमांक पुकारायला सुरुवात केली. दुखणं कागदावर लिहायचं आणि बसल्या बसल्या बोलता येईल एवढ्या उंचीचं काउंटर ठेवायचं. याला 11 लाख लागत नाहीत. लिहिता न येणाऱ्यासाठी शेजारी बसून लिहून घेणारं एक माणूस लागतं.

सगळंच इथलं घ्यावं असं मी म्हणणार नाही. गेनकानची ती पायरी गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना जड जाते, म्हणून बरेच नवे दवाखाने आता सपाट दाराचे, बूट घालूनच आत जायचे करतात. मोठ्या रुग्णालयांबद्दल जपानी माणूसच म्हणतो, तीन तास थांबा, तीन मिनिटं तपासणी. त्या तीन मिनिटांत डॉक्टरची नजर स्क्रीनवर असते. “काय वहिनी, झोप लागते का? सून आली का माहेराहून?” असं विचारत नाडी धरणारे आमचे जुने फॅमिली डॉक्टर मला इथे कुठल्याही सुंदर खोलीत भेटले नाहीत. शिवाय आपल्याकडे एका रुग्णाबरोबर चौघं येतात. त्यांना सुटी सुटी खुर्ची देऊन गप्प बसवणं हा आपला पाहुणचार नाही. लांब बाक हवं, उठताना धरायला त्याला हात हवेत, आणि पाण्याचा माठ हवा.

खरं तर क्योतोच्या जुन्या अरुंद घरांत मधोमध जो इवलासा बगिचा असतो, उजेड आणि वारा आत घेणारा, तो पाहिला की मला आमच्या वाड्यातला चौक आठवतो. चपला दारात काढणं आपलंच, ओसरीवर टेकणंही आपलंच. शहाबादी फरशी रोज पुसली की किती गार आणि देखणी दिसते, हे कोल्हापूरकरांना मी टोकियोहून काय सांगायचं?

भाचीला मी एवढंच लिहून पाठवलं: बांबूची भिंत, बुद्ध आणि चेरी कोटेशनमधून काढ. बाकावर पांढऱ्या सुती खोळी घाल, तीन जोड शिवून घे. वाचलेल्या पैशांतून धुण्यापुसण्याच्या दोन मावशींचा वर्षभराचा पगार आधीच बाजूला काढ, आणि तो चांगला दे, कारण दवाखाना चांगला वाटणं त्यांच्या हातात आहे.

दाजींनी लगेच विचारलं, “पांढऱ्या खोळी? पावसाळ्यात वाळणार कशा?” काल भाचीने फोटो पाठवलाय. मागच्या गच्चीवर पत्र्याखाली दोरी बांधलीय, आणि दाजी स्टुलावर उभे राहून तिची गाठ आवळतायत.