खोकल्याची दोन औषधे एकत्र: फिरणाऱ्या संदेशातील दावे आणि वस्तुस्थिती

सर्दी-खोकल्याची साथ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: खोकल्याची औषधे चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणजे ती निर्धोक असतात, एका सिरपने भागत नसेल तर दुसरे जोडीला घ्यावे, तापाची गोळीही सोबत चालते, मुलांना निम्मा डोस द्यावा आणि खोकला थांबेपर्यंत औषध चालू ठेवावे.

दुसरे सिरप जोडीला घ्यावे की नाही, हे बाटलीच्या नावावरून नव्हे, तर तिच्यातील घटकांवरून ठरते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळ दाबते आणि ग्वायफेनेसिन कफ सैल करते. ही दोन्ही एकाच बाटलीतही मिळतात. त्यामुळे अशी औषधे एकत्र घेणे घातकच, हा उलटा प्रचारही चुकीचा आहे, मात्र अशा जोडीचा फायदा माफकच असतो. खरा धोका आहे तो एकच घटक नकळत दोनदा पोटात जाण्याचा. दोन्ही बाटल्यांत क्लोरफेनिरामिन हा शिंका आणि नाक गळणे कमी करणारा घटक असेल, तर गुंगी वाढते, तोंडाला कोरड पडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते.

तापाच्या गोळीबाबतचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल आधीच असते आणि ते वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. हिशेब करून पाहा. सर्दीच्या गोळीत 500 मिलिग्रॅम आणि तापाच्या गोळीत 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल आणि दोन्ही गोळ्या दिवसातून चार वेळा घेतल्या, तर एकूण 4,600 मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4,000 मिलिग्रॅम आहे. वजन कमी असलेल्यांसाठी, यकृताचा आजार असलेल्यांसाठी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांसाठी ती याहूनही कमी धरतात. अतिमात्रेने यकृताला इजा होते, तरी पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. म्हणूनच, मर्यादा ओलांडली गेल्याचे लक्षात येताच त्रासाची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे.

चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध ठरलेल्या मात्रेत बहुतेकांना चालते, परंतु दुसरे कोणतेही औषध घेणाऱ्या प्रत्येकाला ते चालेलच असे नाही. नैराश्यावरील काही औषधांसोबत डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा परिणाम धोकादायक पातळीला जाऊन थरथर, घाम, जोराची धडधड आणि गोंधळलेपणा येऊ शकतो. त्यांपैकी एमएओ इनहिबिटर या गटातील औषध बंद केल्यावरही दोन आठवडे हे सिरप टाळावे लागते. नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन रक्तदाब वाढवते. गुंगी आणणारे सिरप झोपेच्या गोळीसोबत किंवा मद्यासोबत घेऊ नये, आणि त्यात कोडीन हा अफूवर्गीय घटक असेल तर श्वासच मंदावण्याची भीती असते.

मुलांना मोठ्यांच्या निम्मा डोस देणे सर्वथा चूक आहे. मुलांची मात्रा वय आणि वजन पाहून ठरते, आणि चार वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची मिश्र औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत. घरातला चमचाही मापाचा नसतो, म्हणून बाटलीसोबतचे मापच वापरावे. एक वर्षावरील मुलाला थोडा मध देता येतो. त्याहून लहान बाळाला मात्र बॉट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे मध मुळीच देऊ नये.

राहिला खोकला थांबेपर्यंत औषध चालू ठेवण्याचा सल्ला. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि बहुधा आपोआप जातो. त्याहून अधिक काळ टिकला, किंवा धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त यांपैकी काही दिसले, तर सिरप बदलत न बसता तपासणी करून घ्यावी. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेही कोरडा खोकला सुरू होतो आणि तो कोणत्याही सिरपला दाद देत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावरही तो पूर्ण जायला काही आठवडे लागू शकतात.