चाल उतरवून घेणारे प्राध्यापक

समाजाची गाणी गोळा करणं, त्यांच्या चाली लिहून ठेवणं, त्यातून नवं संगीत रचणं आणि ते पुढच्या पोरांच्या गळ्यात बसवणं हे प्राध्यापकाचं काम आहे. स्नेहसंमेलनापुरती हौस म्हणून करायची ही गोष्ट नाही. वर्गात तास घेण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. हे मत पक्कं झालं ते अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाबद्दल वाचताना.

यादवी युद्ध संपलं आणि १८६६ मध्ये, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांसाठी, लष्कराच्या जुन्या बराकींत फिस्क सुरू झालं. पाच वर्षांत तिजोरी रिकामी झाली. तेव्हा संस्थेचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी विद्यार्थ्यांचा एक लहानसा गायकसंघ घेऊन दौऱ्यावर निघाले. हेच फिस्क ज्युबिली सिंगर्स. सुरुवातीला ही मुलं गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची गाणी म्हणत. आईबापांनी गुलामीत म्हटलेली भक्तिगीतं, ज्यांना तिकडे स्पिरिच्युअल म्हणतात, ती परक्यांसमोर म्हणायला त्यांचं मन धजत नव्हतं. एला शेपर्ड पियानो वाजवायची आणि तालमीही घ्यायची. ती स्वतः गुलामीत जन्मलेली होती आणि फिस्कमध्ये शिकवतही होती. आमच्या आईवडिलांसाठी ही गाणी पवित्र होती, अशी आठवण तिनं सांगून ठेवली आहे. तरीही ती गाणी जमवून, बसवून जगापुढे आणण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. त्या गाण्यांच्या कमाईतून फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली.

१८७३ मध्ये हे गायक इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे गायले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना ते अर्पण केलं. त्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी ही वर्षं शेजारी ठेवून पाहिली की मला भरून येतं.

खरं सांगायचंय ते वर्क घराण्याबद्दल. जॉन वेस्ली वर्क (धाकटे) फिस्कमध्ये लॅटिन आणि इतिहास शिकवायचे. त्या काळी शिकलेल्या अनेक काळ्या घरांना ही गाणी नकोशी झाली होती, कारण त्यांतून गुलामीची आठवण यायची. अशा वेळी लॅटिनचा हा मास्तर भावाला सोबत घेऊन गाणी जमवत होता, छापत होता आणि मुलांकडून गाऊन घेत होता. त्यांचा मुलगा, तिसरा जॉन वर्क, १९२७ पासून जवळजवळ चाळीस वर्षं फिस्कमध्ये होता. तो संगीतकारही होता. 'द सिंगर्स' ही समूहगानाची रचना त्याचीच.

२३ एप्रिल १९४० रोजी मिसिसिपीतल्या नॅचेझ गावात एका नृत्यगृहाला आग लागली. खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या होत्या. दोनशेहून जास्त काळी माणसं गेली. जॉन वर्कच्या मनात आलं की पहिल्या स्मृतिदिनाला तिथं जावं आणि लोकांनी या दुःखावर रचलेली गाणी उतरवून घ्यावीत. एखादं गाव आपले मेलेले लोक कसे आठवतं, हे त्याला गाण्यातून समजून घ्यायचं होतं. माझ्या मते प्राध्यापकाला सुचावी अशी याहून मोठी कल्पना नाही. पुढे ती योजना बदलली आणि १९४१-४२ मध्ये फिस्क व लायब्ररी ऑफ काँग्रेस हे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय यांनी मिळून मिसिसिपीतल्याच कोआहोमा काउंटीत काम केलं. संगीताचा वर्क, समाजशास्त्राचा लुइस जोन्स आणि लायब्ररीकडून लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स. पुढे गाजलेला ब्लूज गायक मडी वॉटर्स याचं पहिलं ध्वनिमुद्रण याच कामात झालं. नाव मात्र लोमॅक्सचं झालं. या कामावरचं वर्कचं हस्तलिखित कपाटात पडून राहिलं आणि २००५ मध्ये छापून आलं, तेव्हा त्याला जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

फिस्कमध्ये आजही ६ ऑक्टोबर हा ज्युबिली डे असतो. मुलं जुन्या गायकांच्या थडग्यांपाशी जातात आणि तिथं गातात.

आता आपल्याकडे बघा. सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या आसपास गाण्यांच्या पुस्तिका मिळतात. त्यांत शब्द असतात, पण चालीच्या जागी अनेकदा एखाद्या सिनेमातल्या गाण्याची ओळ दिलेली असते. त्या चालीला गायकानं कुठे मुरड घातली, ढोलकी कुठे थांबली, कोरसनं कुठे उचललं, हे कागदावर येतच नाही. गाणारा गेला की ते सगळं त्याच्याबरोबर जातं.

आणि तालुक्याच्या कॉलेजात जयंती कशी होते? प्रतिमेला हार, पाहुण्यांचं व्याख्यान, आभार, चहा. व्याख्यानं हवीतच. पण कॉलेजात मराठीचा विभाग आहे, इतिहासाचा आहे, कुठे संगीताचाही आहे, आणि गायन पार्टी चालवलेला म्हातारा शाहीर पाच किलोमीटरवर राहतो. त्याची गाण्यांची वही कुणी बघितलेली नसते. मला याचा राग येतो. चांगल्या प्राध्यापकांना हे करावंसं वाटतं, हेही मी पाहिलंय. पण संस्था त्याला काम म्हणून मोजत नाही, मग तेही सोडून देतात.

११ ते १४ एप्रिल या दिवसांत कॉलेजांत कार्यक्रम होणारच आहेत. त्यातला एक दिवस गाणाऱ्यांना द्या. मानधन द्या, प्रवासखर्च द्या. संगीताच्या शिक्षकानं स्वरलिपी करावी, इतिहासाच्या शिक्षकानं कुठलं गाणं कुठल्या सत्याग्रहाचं, कुठल्या गावचं, ते विचारून लिहून घ्यावं. मुलांनी मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रण करावं. त्यातून एखाद्या प्राध्यापकानं नवी रचना बांधली तर फारच उत्तम. पण ज्याच्या गळ्यातून चाल घेतली त्याचं नाव सगळ्यात वर छापायचं.

तुमच्या भागात कुठल्या कॉलेजानं असं काही केलं असेल तर मला जरूर कळवा. मला ते ऐकायला यायचंय.